मला खरवड आवडते

दूध तापवून ओतून घेतलं की मडक्याच्या बुडाला आणि कडेला जे चिकटून राहतं, ते खरवडून काढलं म्हणजे झाली खरवड. तपकिरी, जराशी करपट, जराशी गोड, गवऱ्यांच्या धुराचा वास लागलेली. आमच्या घरी ती शिंपल्यानं काढत. शिंपला दुधना नदीच्या वाळूत मला सापडलेला, म्हणून खरवडही माझी, असं मी धरून चालले होते.

"कौसाला खरवड लई आवडती," असं घरात सगळे म्हणत. मीही म्हणायची.

आता माझे केस पिकून पांढरे झाले. लहानपणीच्या त्या दुखण्याविषयी लिहावं असं कधी वाटलं नव्हतं. पण परवा शेजारची सून आपल्या मुलीला घेऊन आली. पोर पांढरीफटक. सून म्हणाली, "हिला भूकच लागत नाही हो. भाऊ बघा कसा जेवतो." ते ऐकून मी त्या रात्री जेवले नाही आणि दुसऱ्या दिवशी लिहायला बसले. औषधांची नावं मला ठाऊक नाहीत, ती डॉक्टरांना विचारा. जे मला ठाऊक आहे तेवढंच लिहिते.

घरची वाटणी

आमचं गाव वाटूरच्या पलीकडं. राज्य निजामाचं होतं, पोलीस ॲक्शनला अजून तीनचार वर्षं अवकाश होता. घर खाऊनपिऊन सुखी. ज्वारीचं पेव भरलेलं, दारात एक दुभती म्हैस. आम्ही तीन भावंडं: थोरला उद्धव, मधली मी, धाकटा किसन. उपाशी कुणीच निजत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणारे हळहळायला लागतात आणि मुद्दा बाजूला राहतो.

आधी आबा आणि दोघं भाऊ पाटावर बसायचे. माय चुलीपुढं भाकरी थापायची, मी वाढायची. तव्यावरची गरम भाकरी त्यांच्या ताटात, कालवणातलं घट्ट त्यांच्या ताटात, दुधाच्या वाट्या दोघा भावांपुढं आणि त्यावर साय. ते हात धुऊन उठले की मग माय आणि मी चुलीपाशीच एका ताटात बसायचो. तोवर कालवणाचं पाणी झालेलं असायचं. गावात बोकड पडला तर काळजाचे तुकडे भावांना आणि आम्हा मायलेकींना रस्सा. उरलेल्या दुधाचं विरजण लागायचं. तूप भावांच्या भाकरीवर आणि सणाला.

यात कुणी दुष्ट नव्हतं. माझ्या हातातलं कुणी हिसकावून घेतलं नाही. उलट माय मडक्याच्या तळाशी शिंपला फिरवून खरवडीचा गोळा करायची आणि भाऊ बघत नाहीत असं पाहून माझ्या तळहातावर ठेवायची. "पोरीच्या जातीनं जिभेचे लाड शिकू न्हाई," असंही म्हणायची. सासरी माझं कसं निभेल याची तिला धास्ती होती. ती मायेनंच बोलायची.

मला दूध नको होतं, सायही नको होती. मला एवढंच हवं असायचं की मायनं एकदा, एकदाच, तव्यावरून काढलेली पहिली भाकरी माझ्या ताटात टाकावी. मी बाजूला काठवटीपाशी बसून तिच्या हाताकडं बघत राहायची. हात माझ्यावरून पुढं जायचा. हे मागायचं असतं, हेही मला माहीत नव्हतं.

भिंत

दहाअकरा वर्षांची असेन. मी दमायला लागले. घागर घेऊन येताना मध्येच टेकायची. सागरगोटे खेळताना धाप लागायची. आणि मला मातीची भूक लागली. माय भिंत सारवायची, ती ओली भिंत वाळायला लागली की तिचा असा वास सुटायचा की माझ्या तोंडाला पाणी यायचं. मी नखानं पोपडे काढून खायची. आज एवढ्या वयातही कुठं सारवलेली भिंत दिसली की माझी जीभ हलते, खोटं कशाला सांगू.

मायनं पकडलं तेव्हा चांगला चोप दिला. "घरात भाकर असून माती खाती? लोकं म्हणतील, पोरीला उपाशी मारून राह्यले!"

मग माझं तोंड सुजलं, पाय सुजले. शेजारणी म्हणाल्या, "कौसा कशी भरून आली! अंग धरून राह्यली पोर." चार दिवस माय खूश होती. नंतर पायाच्या सुजेवर बोट दाबलं की खळगा तसाच राहायला लागला, तेव्हा तिचं तोंड उतरलं. गंडा बांधला, अंगारा लावला. एके सकाळी विहिरीवर मला घेरी आली आणि घागर फुटली. बायकांनी मला उचलून घरी आणलं.

मायनं आबांना सांगितलं, "आवो, हिला जालन्याला दवाखान्यात न्या."

"सुगी तोंडावर आलीय. सुगी झाली की नेतो."

"मंग तुम्ही सुगी करा. मी नेते हिला, चालत."

माय कधी परतूरच्या पुढं गेलेली नव्हती. ती आबांशी इतक्या मोठ्यानं बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. आबांनी बैल जुंपले.

मायला येता येईना. म्हैस, चूल, किसन, सगळं तिच्यावर. गाडीबरोबर वेशीपर्यंत आली, माझ्या डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बाजाराला निघाल्यासारखं म्हणाली, "जल्दी ये, माय." पोरीलाच माय म्हणायची आमच्याकडं रीत आहे.

खून

परतूरपासून आगगाडीनं जालना. दवाखान्यातली डॉक्टरीणबाई हैदराबादकडची होती, मराठी कळायची पण बोलायची उर्दू. तिनं माझी नखं पाहिली, जीभ पाहिली आणि अंगठ्यानं डोळ्याची खालची पापणी ओढून आत बघितलं. मग आबांना म्हणाली, "इसके बदन में तो खून ही नहीं है."

मला खून म्हणजे कुऱ्हाडीनं करतात तो, एवढंच ठाऊक. खून नाही म्हणाली म्हणजे माझा कुणी खून करणार नाही, असं मी समजले आणि मला जरा बरं वाटलं. पण आबांकडं बघितलं तर ते पागोटं काढून हातात धरून उभे होते. परक्या बाईपुढं उघड्या डोक्यानं उभे राहिलेले आबा मी कधी पाहिले नव्हते. तेव्हा मला भीती वाटली.

"घर में खाने की तंगी है?" डॉक्टरीणबाईनं विचारलं.

"न्हाई, बाई. बिलकुल न्हाई. खायाला कमी न्हाई आमच्यात."

"फिर ये ऐसी क्यों है?"

 पोटात जंत असतील, आबा म्हणाले. जंत होतेच, नंतर निघाले. पण तेवढ्यानं उत्तर पुरं होत नव्हतं, आणि आबांना ते कळत होतं असं मला आता वाटतं.

"और देर करते तो बच्ची हाथ से जाती," ती म्हणाली. "अब भी देखना पड़ेगा."

थाळी

बायकांच्या दालनात ओळीनं लोखंडी खाटा होत्या. पुरुषांना आत यायची मनाई, म्हणून आबा बाहेर ओसरीवर पथारी टाकून राहिले. सकाळी हमीदाबी नावाची आया यायची, चादरी ओढून नीट करायची, सगळ्यांना उठवायची. मग काळं औषध. विळा चाटल्यासारखी त्याची चव. त्यानं माझे दात काळे झाले आणि मी कुणाशी बोलताना तोंडावर हात ठेवायला लागले.

जेवणाची थाळी खाटेवर यायची. मऊ भात, वरण, उकडलेली कलेजी, पेलाभर दूध. आयुष्यात पहिल्यांदा अख्खी थाळी माझी एकटीची होती, आणि मी तिला हात लावत नव्हते. समोर अंगण, अंगणापलीकडं पुरुषांचं दालन. त्यांच्या ओसरीवर ते जेवत बसलेले दिसायचे. गडीमाणसं जेवून उठली नाहीत तोवर मी कशी जेवू? दालनातल्या बाकीच्या बाया खुशाल जेवत होत्या. मला वाटलं, शहरातल्या बायांना रीतभात नसते.

पुरुष सावकाश जेवायचे. त्यांचं आटपायच्या आत हमीदाबी थाळ्या गोळा करायला यायची. माझी भरलेली थाळी बघून "बच्ची को भूख नहीं" म्हणायची आणि उचलून न्यायची. मी जाणाऱ्या थाळीकडं बघत राहायची. सांजच्याला आबा खिडकीतून मूठभर फुटाणे द्यायचे, ते मी चादरीत तोंड घालून खायची.

असे बरेच दिवस गेले. मी आणखी खंगले. डॉक्टरीणबाईच्या कपाळाला आठ्या पडायला लागल्या. समोरच्या खाटेवर माझ्याएवढीच एक मुलगी होती. एका दुपारी तिच्या तोंडावर चादर ओढली आणि तिला घेऊन गेले. कुणी मोठ्यानं रडलंही नाही. मला वाटलं, आता माझी पाळी. मला मरणाचं फार काही कळत नव्हतं. पण माय वेशीवर उभी असेल आणि मी येणार नाही, एवढं कळत होतं. मी तोंडात चादरीचा बोळा धरून "माय, माय" करत राहिले.

काय आवडतं

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई माझ्या खाटेवर बसली. "बेटी, कुछ खाएगी नहीं तो कैसे होगा? तेरे को क्या पसंद है? जो बोलेगी वो बनवाके देंगे."

मला कुणी असं कधी विचारलं नव्हतं. पण उत्तर तयार होतं. मी हळूच म्हटलं, "खरवड."

तिनं हमीदाबीला सांगितलं, "इसको खरवड बनाके दो."

हमीदाबी नुसती बघत राहिली. शेजारच्या खाटेवर आष्टीची एक मावशी होती, पोटावर शस्त्रक्रिया झालेली. ती पोट धरून हसायला लागली. "अवो बाई, खरवड कोण बनवतंय? ती मडक्याला लागलेली ऱ्हाती! खुरचन, खुरचन!" हसता हसता तिनं माझ्याकडं बघितलं आणि पदर तोंडाशी धरला.

डॉक्टरीणबाई हसली नाही. तिनं विचारलं, "खुरचन के ऊपर क्या होता है?"

"दूध," मी म्हटलं.

"वो कौन पीता है?"

"उद्धव. अन् किसन."

"और मलाई?"

"ती बी त्यांचीच."

मी तक्रार करत नव्हते. ऊन कुठून येतं असं विचारल्यावर सांगावं तसं सांगत होते. तिनं माझा हात दाबला आणि ती उठून गेली.

मावशीनं माझ्याकडं तोंड वळवलं. "अगं पण इथं तर कुणी उद्धव न्हाई. इथं कामून जेवत न्हाईस?"

मी अंगणापलीकडं बोट दाखवलं. "ते उठले न्हाईत अजून."

"आत्ता गं माझे बाई!" मावशी म्हणाली. त्या दिवशी थाळी आली तशी ती पोटाचे टाके सांभाळत उठली, आपलं जुनं लुगडं घेतलं आणि माझ्या खाटेच्या गजाला बांधून आडपडदा केला. "घे. आता दिसत न्हाईत. जेव."

मी जेवले. कलेजी पहिल्यांदा खाल्ली, मऊ असते हे तेव्हा कळलं. दूध मात्र अर्धं ठेवलं, सवयीनं. मावशी म्हणाली, "तळाला खरवड आसंल, बघ तरी." मी सगळं प्यायले. तळाला काही नव्हतं. आम्ही दोघी हसलो. त्यानंतर रोज ती लुगडं बांधायची आणि रोज तेच म्हणायची.

डबी

डॉक्टरीणबाईनं आबांना बोलावलं. रागावली नाही. पोरीला घरी नेल्यावर भावांच्या बरोबरीनं बसवा, दूध द्या, काळीज द्या, एवढंच सांगितलं.

आबा म्हणाले, "बाई, पोरगी म्हंजी परक्या घरचं धन."

"पहले बड़ी तो होने दो," ती म्हणाली. आबा ओसरीवर जाऊन बसले. त्या संध्याकाळी फुटाणे देताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

मग ते सुगी बघायला गावी जाऊन आले. येताना एक पितळी डबी आणली. "तुझ्या मायनं दिली," म्हणाले. आत खरवड होती, गुळात मळून वड्या थापलेल्या. "उद्धव बोलला, कौसाला सांगा, आम्ही बोट बी लावलं न्हाई."

मी डबीचं झाकण नाकाशी धरलं. धुराचा वास, गवऱ्यांचा, मायच्या लुगड्याचा. दवाखान्यातलं दूध दाट होतं, साखर घातलेलं होतं, पण त्याला मायचा वास नव्हता.  माझ्या मायनं मला तिच्याकडं होतं नव्हतं ते सगळं पाठवलं होतं. तिला वाटत होतं, लेकीला हेच आवडतं. मी एकेक कण करून वड्या खाल्ल्या. डबी रिकामी झाल्यावरही उशाशी ठेवून तिचा वास घेत राहिले, वास उडून जाईपर्यंत.

पापणी

हळूहळू पायाची सूज ओसरली. जिना चढता यायला लागला. हमीदाबी दुपारी माझी वेणी घालायची आणि स्वतःच्या डब्यातलं लोणचं द्यायची. डॉक्टरीणबाई येताजाता पापणी ओढून बघायची. एकदा तिनं मला आरसा दिला आणि माझ्याच पापणीच्या आतली फिकट गुलाबी रेघ दाखवली. "आ गया खून," म्हणाली.

मला तो खेळच झाला. मी खाटेखाटेवर जाऊन बायांच्या पापण्या ओढून बघायची. मावशीची गुलाबी, हमीदाबीची चांगली लाल. नवी कुणी पांढरी आली की मी आधीच सांगायची, "हिच्यात खून न्हाई." डॉक्टरीणबाई हसायची.

वाटी

मी गावी आले तेव्हा माय वेशीवर नव्हती. ती चुलीपाशी होती. मला बघून उठायला गेली आणि भिंतीला हात टेकून क्षणभर थांबली. मग मला जवळ घेतलं. काळे दात झाकायला मी तोंडावर हात ठेवला होता, तो तिनं बाजूला केला.

संध्याकाळी तिनं चार पाट मांडले. आबांनी सांगितलं असणार. उद्धव सरकून बसला, किसन माझ्या तोंडाकडं बघत राहिला. माय भाकरी थापत होती. पहिली भाकरी तव्यावरून उतरली, फुगलेली, वाफ निघणारी. तिचा हात आबांच्या ताटाकडं गेला, हवेत थांबला आणि वळला. भाकरी माझ्या ताटात पडली.  मला तुकडा मोडवेना. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव आसुसला होता ते पुढ्यात होतं, आणि मी ते बोटानं नुसतं चाचपत होते. "निवल की, खा," माय म्हणाली.

किसन कुरकुरला. माझ्या वाटीतलं दूध त्याच्या वाट्यातून आलं होतं. उद्धवनं त्याच्या पाठीत एक घातली.

सगळे उठून गेले तरी मी दुधाची वाटी पुढ्यात घेऊन बसून राहिले. मायनं उरलेलं कालवण एकटीच्या ताटात घेतलं, चार घास खाल्ले आणि दुधाचं मडकं मांडीवर घेऊन शिंपल्यानं खरवडायला लागली. मी सवयीनं तळहात पुढं केला.

"तुला आता दूध हाय की," ती म्हणाली. "ही माझी. मला लई आवडती खरवड."

"तुला?"

"व्हय. लहानपणापसून. माझी माय मलाच द्यायची."

मी सरकत तिच्याजवळ गेले. चुलीच्या उजेडात तिचं तोंड धरलं आणि अंगठ्यानं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. ती हसून मान मागं घ्यायला लागली, "काय करून राह्यली गं, सोड." मी सोडलं नाही. आत बघितलं. पांढरं होतं. माझं पहिल्या दिवशी जसं असेल तसं.

मी माझ्या दुधाची वाटी उचलली. तिच्या ओठांना लावली.

"अगं, तुझं हाय ते. बाईमाणसाला काय करायचं दूध?"

"पी."

तिनं दाराकडं बघितलं. बाहेर आबा आणि उद्धव बैलांशी बोलत होते. मग दोन्ही हातांनी वाटी धरून ती प्यायली, आधी चाखत, मग घटघट. माझ्या जन्माच्या आधीपासून ती रोज दोन वेळा दूध तापवत आली होती, ओतत आली होती, सायीला बोट न लावता वाढत आली होती. तिनं वाटी खाली ठेवली. साय तिच्या वरच्या ओठावर राहिली होती.

"माय गं," ती हळूच म्हणाली, "हे तर लई गोड असतंय."